चंडोलाभोवतीचं रिंगण

॥ श्री रामेश्वर प्रसन्न ॥

जामसंडे,
ता. ८ मार्च १९५८

चिरंजीव परशुराम यास नर्मदाआक्काचे अनेक आशीर्वाद. उपरी विशेष.

इकडे सगळे खुशाल. तुझ्या कलमबागेने मात्र घरातली एक बरणी जागेवर राहू दिलेली नाही. लवू वर कातळाच्या सड्यावर सुरुंग उडवतो आणि इथे माझ्या फळीवरच्या बरण्या फुगड्या घालतात. मुंबईत बसून हुकूम सोडायला तुझं काय जातं म्हणा! अख्खं देवगड जांभा फोडून त्यात हापूस लावत सुटलंय, मग आपणच का मागे राहायचं, असं तू लिहितोस. बरं बाबा, नको राहूया मागे. पण सड्यावर कलमं लावणं म्हणजे टकलावर वेणी माळणं, हे माझं मत मी बदललेलं नाही.

लवूने काम नेटाने केलं. पहारीने भोक पाडायचं, दारू ठासायची, वर चिकणमातीचं बूच, वात पेटवून पळायचं. निम्मा सडा फोडून झाला. उरलेल्या ठिकाणी नुसत्या खुणा आहेत. आज पहाटे तो दाजी तांडेलाच्या गलबतावर चढला. मंगळुरी कौलं भरून पंधरवड्यात परतायचं म्हणतात. दर्या म्हटला की आपल्या लवूला घर दिसत नाही, हे काय तुला नव्याने सांगायचं?

लवूच्या सुगंधाला पाचवा महिना लागला. दोन वेळा तिची कूस उजवून रिकामी झाली, म्हणून यंदा तिला माहेरी पाठवलेली नाही. मी तिला डोळ्यांआड होऊ देत नाही, सड्यावर तर नावालाही नाही. लवूनेही सगळं पाळलं. घरात कोहळा कापला नाही, साप दिसला तर काठी टाकून बाजूला झाला. अंड्यांवर बसलेलं पाखरू तर ज्याची बायको गरोदर त्याने उठवायचंच नाही, हे आईने आपल्याला किती वेळा सांगितलं होतं. तू हसशील. तुझं शिक्षण झालंय ना.

एक गोष्ट मनात टोचते म्हणून लिहिते. शिमग्याच्या संध्याकाळी सगळी वाडी होळीकडे गेली होती, आपला गडी बाबलीसुद्धा. लवू एकटाच सड्यावर होता. अंधारून आलं तेव्हा परतला तो तोंड पांढरं करून. पडवीत बसून पुन्हा पुन्हा हात धूत होता. जेवला नाही. मी खोदून विचारलं तर धूर डोक्यात गेला म्हणाला. सुरुंगाचा धूर त्याच्या डोक्यात पहिल्यांदा गेला की काय? पण निघायची घाई होती, मी जास्त बोलले नाही.

सावित्रीला आशीर्वाद सांग. बोटीने कोणी येणार असेल तर तिच्या हातचे बेसनाचे लाडू पाठव. तुझ्या आक्काला वरचेवर आठवत जा, एवढंच मागणं.

तुझी,
नर्मदाआक्का

॥ श्री ॥

मुंबई,
ता. १४ मार्च १९५८

तीर्थस्वरूप गं. भा. आक्काचे चरणी परशुरामचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. बरण्यांची फुगडी वाचून सावित्री इतकी हसली की शेजारच्या बिऱ्हाडातून विचारणा झाली. लाडू पाठवतोच, पण बरण्या खाली उतरवून ठेव म्हणजे झालं.

लवूच्या तोंडाचं काय घेऊन बसलीस! शिमग्याला माणूस पांढरा, काळा, निळा कसाही होऊन घरी येतो. तू प्रत्येक गोष्टीत सावली शोधतेस. पाखराचं म्हणशील तर इथे बाजारात चंडोल पिंजऱ्यात घालून, वर फडकं बांधून विकतात. फडक्याच्या आत बसून ते सगळ्या पाखरांच्या नकला करतं, मांजराचीसुद्धा. त्यांना कोणी अंड्यांवरून उठवलं म्हणून कुणाच्या घरी काही झाल्याचं मी ऐकलं नाही. पण सुगंधाचं मन राखायचं असेल तर तुम्ही काय पाळायचं ते पाळा. मी त्यात तोंड घालत नाही.

आता कामाचं. कलमांची बोली झाली आहे. पाऊस पडायच्या आत खड्डे तयार हवेत, त्यात खालची माती भरून बसायला हवी. लवू दर्यावर गेला म्हणून काम थांबवायचं कारण नाही. बाबलीला मी कार्ड टाकलंय की जिथे नुसत्या खुणा आहेत तिथे पहारीने वरची कपची सोलून ठेव, म्हणजे लवू आल्यावर दारू कमी लागेल. पाडव्याच्या आसपास त्याने सुरुवात करावी.

मला एप्रिलात थोडी रजा मिळेल. स्वतः येतो. पहिलं कलम मी लावणार आणि पहिला आंबा तू खाणार, ठरलं. सावित्रीचा नमस्कार. रागावलीस तरी पत्र लिहायचं सोडू नकोस.

तुझा,
परशुराम

॥ श्री रामेश्वर प्रसन्न ॥

वेंगुर्ले बंदर,
ता. ११ मार्च १९५८

ती. स्व. आक्काचे सेवेशी लवूचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही इथे सुखरूप पोचलो. वारा पडलाय म्हणून दाजी तांडेल शिव्या देत बसलाय. एक आचऱ्याचा माणूस घराकडे निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतो. अक्षर वाकडं आहे, कारण खालचं फळकूट हलतंय.

आक्का, तू विचारलंस तेव्हा बोललो नाही, कारण सुगंधा आत चुलीपाशी होती. शिमग्याच्या सांजेला मी एकामागून एक भोकं भरत गेलो, सगळ्यांना वाती लावल्या आणि मग पेटवत निघालो. शेवटच्या भोकापाशी पोचलो तर पायातून चंडोल उडाला. उडाला कसला, लोळत गेला. एक पंख मोडल्यासारखा घासत, तोंडाने चीं चीं करत पुढे पुढे. मला माहीत होतं, ते मादीचं सोंग असतं. माणसाला घरट्यापासून लांब न्यायचं म्हणून मोडलेल्या पंखाचं नाटक. खाली वाकून बघतो तर भोकापासून हातभर अंतरावर गवताच्या बुडख्यात घरटं. आत ठिपक्यांची अंडी.

मागच्या वाती फुरफुरत होत्या. मी या एकाची वात मुळापासून उपटली आणि पळालो. बाकीचे उडाले, हा तसाच राहिला. आक्का, भरलेला सुरुंग उकरायचा नसतो. पहारीची एक ठिणगी पुरे होते. तो फक्त उडवायचा. आणि उडवला तर ती अंडी गेली. सुगंधाच्या पोटात पोर असताना माझ्या हातून ते व्हायचं नाही. म्हणून वर एक चपटा धोंडा ठेवला, त्यावर गवत पसरलं आणि आलो. पिल्लं उडून गेली की येऊन मी स्वतः उडवीन.

आता तिथे कोणी पहार लावू नये एवढंच बघ. जागा कशी सांगू? अंधार होता, धूर होता, भोकं भरत किती पुढे गेलो त्याचं भान नव्हतं आणि न फोडलेला सडा सगळा सारखाच. पण तुला घरटं शोधता येईल. ती जिथे बसलीय तिथूनच हातभरावर आहे. आपल्या सड्यात चंडोलाची एकच जोडी आहे, ती दुसऱ्या कोणाला शिरू देत नाही. सुगंधाला यातलं काही सांगू नकोस. ती उगाच धसका घेईल.

मंगळूरहून कौलं भरली की निघालोच. तुझ्या शिव्यांची आठवण येते, म्हणजे तब्येत बरी आहे.

तुझा,
लवू

॥ श्री रामेश्वर प्रसन्न ॥

जामसंडे,
ता. २२ मार्च १९५८

चि. परशुराम यास अनेक आशीर्वाद. उ. वि.

सोबत लवूचं पत्र जोडलंय, ते आधी वाच. मग माझं वाच. मग देवाला हात जोड.

त्या आचऱ्याच्या शहाण्याने हे पत्र खिशात घालून पाडव्याचं जेवण केलं आणि काल दुपारी आणून दिलं. मी उंबऱ्यात उभी राहून वाचलं. आणि वर सड्यावरून पहारीचा टणटण आवाज येत होता. बाबली! तुझं कार्ड मिळाल्यापासून तो दोन दिवस कपच्या सोलत होता. परशुराम, मी चप्पल न घालता धावले. पन्नाशीच्या बाईने तापल्या जांभ्यावर अनवाणी धावावं, हे माझ्या नशिबी तुझ्या हापूसने आणलं. मी खालूनच ओरडले की बाबल्या, पहार टाक. तो मान वर करून बघतो आणि म्हणतो, कित्या गो आक्का, साप इलो काय? मी त्याला सांगितलं की साप असता तर बरं होतं.

सगळं सांगितल्यावर तो जागच्या जागी खाली बसला. आपण कुठे कुठे पहार मारली ते आठवून आठवून त्याच्या तोंडाला फेस आला. माका घराक जावंदे, म्हणाला. पहार तिथेच टाकून गेला. ती अजून तिथेच पडली आहे, आणायला कोणी वर जात नाही.

आज सकाळी खालच्या वाडीतला शिवा सुरुंगवाला बोलावला. त्याने सड्याच्या कडेला उभं राहून विडी विझवली आणि म्हणाला की जागा दाखवा, मी उडवून देतो. जागा ठावक नसात तर ह्या जमनीर मी पाय ठेवचंय नाय. त्याचंही खरं आहे.

मग मी स्वतः गेले. आपल्या जुन्या वाटेनेच गेले, इकडेतिकडे पाय न टाकता. म्हटलं पाखरू काय, शोधून काढीन. चंडोल होता तिथेच. सरळ वर चढत गेला, गात गात, इतका वर की डोळ्यांना पाणी आलं. आणि एकदम धोंडा टाकावा तसा खाली. मी म्हटलं, सापडलं! नीट बघून ठेवलं. पण तिथे काहीच नाही. पुन्हा तेच. मग कळलं की ही पाखरं घरट्यावर कधी उतरत नाहीत. लांब कुठेतरी उतरतात आणि गवतातून उंदरासारखी पायी घरी जातात. मध्येच मादी पुढ्यात येऊन पंख घासत लोळायला लागली. लवूने लिहिलं होतं तरी माझं पाऊल तिच्या मागे उचललं गेलं बघ. ती उजवीकडे नेते म्हणून मी डावीकडे बघावं, तर दुसऱ्या खेपेला तीच डावीकडे नेते. लबाड भवानी! एवढंसं पाखरू, मातीच्या रंगाचं, आणि मला अर्धा दिवस नाचवलं.

मला भीती वाटते रे. उगाच लपवून काय करू? घरात असले तरी कान वरच्या सड्याकडे लागलेले असतात. गुरं चढली तरी हातातलं टाकून अंगणात धावते. सुगंधाला सांगितलंय की बाबली तापाने पडलाय म्हणून काम बंद. ती मान डोलावते आणि भाकऱ्या थापते. तिला कळता कामा नये. तिच्या पोटाला धसका बसला तर मी लवूला तोंड दाखवू शकणार नाही.

तू काम थांबव. लवू येईपर्यंत कोणाला काही कळवू नको. माझा जीव टांगणीला लागलाय हे ध्यानात ठेवून पत्र लिही.

तुझी,
नर्मदाआक्का

॥ श्री ॥

मुंबई,
ता. ३० मार्च १९५८

ती. स्व. आक्काचे चरणी परशुरामचा शि. सा. नमस्कार वि. वि.

दोन्ही पत्रं वाचली. बाबलीला कार्ड टाकणारा मीच, हे मनातून जात नाही. सावित्रीने तर मला जेवतानाही बोलून घेतलं. बाबलीच्या घरी माझ्यातर्फे एक नारळ पोचता कर आणि त्याला म्हणावं, मी आलो की त्याची माफी मागीन.

पण आक्का, लवूचं काय सांगावं! गलबताच्या पेढीवर चौकशी केली तर मंगळूरला कौलांची भट्टी मागे पडली आहे, माल मिळायला वेळ आहे. एप्रिल उलटेपर्यंत लवू येत नाही असं धर. तोवर हात जोडून बसलो तर पाऊस येईल, कलमं वाया जातील आणि माझी रजाही. पुन्हा रजा मिळेल ती पुढच्या वर्षी.

शिवाचं म्हणणं मला पटतं. जागा कळली की भीती संपली. एक कोपरा सोडून बाकीचा सडा आपलाच आहे. तू त्या पाखराच्या मागे लाग. लहानपणी पोपटाची ढोली कोणत्या माडात आहे ते तू खालूनच सांगायचीस. मी आणि लवू चढून बघायचो आणि तू कधी चुकली नाहीस. तुझ्याइतके डोळे वाडीत कोणाचे नाहीत. तू बोट ठेवशील ती जागा सोडून मी पहार मारीन, दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावर मारणार नाही.

अक्षय्यतृतीयेच्या आधी पोचतो. जिवाला जप आणि माझ्यावर थोडा राग शिल्लक ठेव, समोर आल्यावर काढायला.

तुझा,
परशुराम

॥ श्री भगवती प्रसन्न ॥

जामसंडे,
ता. ७ एप्रिल १९५८

सौ. लक्ष्मीताईस सुगंधाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

ताई, हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल. भाऊजींनाही दाखवू नको. तुझ्या धामापूरच्या भगवतीला माझ्या नावाने एक नवस बोल, कसला ते शेवटी सांगते.

इथे आक्का मला सोन्यासारखं जपतात. जड उचलू देत नाहीत, विहिरीवर जाऊ देत नाहीत. सड्यावर जायचं नाही अशी तर शपथच घातली आहे. पण ताई, मी जाते. त्या दुपारी आडव्या झाल्या की मागच्या दाराने निघते आणि त्या उठायच्या आत परत येते. तुला सांगते ते का.

माघात यांची भाकरी घेऊन मी वर जायची तेव्हा मला चंडोलाचं घरटं दिसलं. टोकाला करवंदाची जाळी आहे ना, तिच्या अलीकडे गवताच्या बुडख्यात. मादी काड्या आणून बसवत होती. नुकतेच मला दिवस राहिल्याचं कळलं होतं. मी मनात म्हटलं, हिची पिल्लं उडाली तर माझंही मूल जगेल. यांनाही बोलले नाही. मनातलं बोललं की त्याला दृष्ट लागते, आपली आई म्हणायची ना. शिमग्याच्या आधी अंडी आली. हे दर्यावर गेल्यापासून मी रोज लांबून बघून यायची.

पाडव्यानंतर दोन-तीन दिवसांनी गेले तर घरटं रिकामं. ताई, एक टरफलसुद्धा नव्हतं. साप असेल नाहीतर मुंगूस. मी तिथे किती वेळ बसले ते मला माहीत नाही. दोन्ही वेळच्या माझ्या बाळांचे चेहरे डोळ्यांपुढे आले. घरी येऊन भाकऱ्या केल्या, कोणाला काही कळू दिलं नाही. कळलं असतं तर आक्का म्हणाल्या असत्या की अपशकुन झाला, आणि त्या म्हणाल्या असत्या तर तो झालाच असता.

पण ऐक. ही पाखरं रडत बसत नाहीत. थोड्याच दिवसांत तिने दुसरीकडे घरटं केलं. जुन्याच्या जवळपाससुद्धा नाही, पार पलीकडे गडग्याशी, दगडी बांधाच्या सावलीत. तिथे पुन्हा अंडी घातली. मला वाटलं देवीने माझं ऐकलं.

आणि नवल म्हणजे आक्कांनाही त्या चंडोलाचा ध्यास लागला आहे. रोज सकाळी वर जाऊन वाटेवर दगडासारख्या बसून राहायच्या. मला कारण सांगत नाहीत, पण मला कळतं. माझ्या बाळासाठीच त्या पाखराची राखण करतात. वरून एवढ्या कडक, पण आतून केवढी माया! काल तापलेल्या तोंडाने आल्या आणि पडवीत उभ्या राहून ओरडल्या की सापडलं, गडग्याशी आहे, अंड्यांवर बसली आहे. मला जवळ घेऊन रडल्या. आक्कांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. हे घरटं दुसरं आहे, पहिलं करवंदाशी होतं आणि लुटलं गेलं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्यांचा आनंद बघून गप्प बसले. पहिलंच आहे असं त्यांना वाटू दे. कशाला ते रिकामं घरटं कोणाच्या तोंडी आणायचं?

अजून मी दुपारची करवंदाशीच जाऊन बसते. गडग्याकडे गेले तर मादी उठेल ना. जाळीची सावली चांगली आहे, आणि तिथे एक चपटा धोंडा आहे, वर कोणीतरी गवत पसरून ठेवलंय, जसं काही माझ्यासाठीच. त्यावर टेकलं की पोटातलं बाळ पाय मारतं. मला बरं वाटतं तिथे.

नवस एवढाच की या खेपेची अंडी फुटू देत आणि मी रिकाम्या हातांनी उठू नये. देवीची ओटी मी स्वतः येऊन भरीन. ताई, तुझी माया हेच माझं माहेर आहे, ते राहू दे.

तुझी,
सुगंधा

॥ श्री रामेश्वर प्रसन्न ॥

जामसंडे,
ता. २० एप्रिल १९५८

चि. लवू यास नर्मदाआक्काचे अनेक आशीर्वाद. उ. वि.

मंगळूरच्या कौलवाल्याच्या पत्त्यावर हे पत्र पाठवते आहे. दाजी तांडेलाला म्हणावं, कौलं भरतोस की भाजतोस?

लवू, तुझ्या आक्काने चंडोलाला हरवलं. तुझं पत्र आल्यापासून मी जेवले ती नावाला जेवले. पण त्या पाखराचा नाद सोडला नाही. आधी मी तिच्या मागे जायची आणि फसायची. मग युक्ती बदलली. वाटेवर डोकीवर पदर घेऊन बसायची आणि हलायचं नाही, अंगावर मुंगी चढली तरी. पाखराला वाटायला हवं की हा एक धोंडाच आहे. पुष्कळ दिवस गेले. मग एका सकाळी ती माझ्या पुढ्यातून पायी निघाली, चोचीत किडा नाही काही नाही, थांबत थांबत, मान वळवून बघत, आणि गडग्याच्या कडेला गवतात शिरली ती बाहेर आलीच नाही. दुपार कलली तरी नाही. तेव्हा मी उठले. पाय बधिर झाले होते. पुढे होऊन बघते तर ठिपक्यांची अंडी, तू लिहिलंस तशी. हातभरावर एक चपटा धोंडाही आहे. सड्यावर चपट्या धोंड्यांना काय तोटा, पण हा तुझाच असणार, वरचं गवत वाऱ्याने गेलं असेल. मी त्याला बोट लावलं नाही.

तिथल्या तिथे बाबलीकडून चुना मागवला आणि त्या जागेभोवती हे एवढं मोठं रिंगण काढलं, मध्ये गाय बसेल एवढं. शिवा सुरुंगवाला येऊन बघून गेला. आता कसा ठावक पडला म्हणाला. पिल्लं उडाली की तो येऊन उडवेल, नाहीतर तू तोवर येशीलच. मूल व्हायच्या आत मी त्या अंड्यांना कोणाला हात लावू देणार नाही, हा माझा शब्द.

त्या दिवसापासून मी रात्री झोपते. तुला सांगते, इतक्या दिवसांत सुरुंग माझ्याच छातीत ठासून ठेवल्यासारखं वाटत होतं.

परशुराम काल बोटीने आला. पोट सुटलंय, सावित्रीचे लाडू दुसरं काय! आल्या आल्या रिंगण बघायला गेला. बाहेर उभा राहून मादीला हात जोडले, चेष्टेनेच, पण जोडले. बाबली अजून पहार धरायला तयार नाही. म्हणून परशुरामच म्हणाला की पहिली पहार मी मारतो, मग बाबलीची भीती जाईल. उद्या अक्षय्यतृतीया, याहून चांगला मुहूर्त कुठला? तो मला विचारत होता की आक्का, नक्की ना? मी म्हटलं, अरे, पोपटाच्या ढोलीला कधी चुकले का? रिंगण सोडून जिथे वाटेल तिथे मार, अगदी अंग मोडून मार. तो हसला आणि म्हणाला, तुझ्या शब्दावर.

सुरुवात करवंदाच्या जाळीपासून करायची ठरली आहे. रिंगणापासून ती सगळ्यांत लांब, म्हणून मीच ती जागा सुचवली. बाबलीने तिथे पूर्वी पहार लावली नव्हती, जमीन कोरी आहे. सुगंधा हट्ट धरून बसली की मलाही येऊ द्या, नारळ मी देते. आधी मी डोळे वटारले. पण भीतीचं कारण उरलं नाही, मग त्या पोरीला किती दिवस कोंडून ठेवू? ये म्हटलं. तर लाजत मला सांगते कशी, तिथे जाळीच्या सावलीत बसायला एक छान चपटा धोंडा आहे, मी त्यावर बसेन, तुम्ही काळजी करू नका. आता हिला तो कुठून माहीत, हे मी उद्या विचारणार आहे. मागच्या दाराने जात असणार नक्की. पण रागावणार नाही. तिच्या तोंडावर किती दिवसांनी तेज आलंय.

परशुराम पडवीत बसून पहार घासतो आहे. बाबली नको नको म्हणता येतो म्हणाला. मी नारळ, कुंकू, गूळ काढून ठेवलाय. तुझीच तेवढी उणीव आहे. हे पत्र तुझ्या हाती पडेल तोवर पहिला खड्डा खणूनही झाला असेल.

सुगंधाचा तुला नमस्कार. आम्हा सगळ्यांना असाच मनात ठेव आणि लवकर घरी ये.

तुझी,
नर्मदाआक्का